घर मिळाले, पण जमीन कोणती?

(सहभागी मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दर वर्षी मी येथे उभा राहतो तो हिशेब द्यायला. किती वाड्यांवर पत्रे पोचले, किती घरांना दारे बसली, बालवाडीत किती मुले आली. या वर्षीचा हिशेब छापून तुमच्या हाती दिला आहे. तो घरी नेऊन वाचा आणि काही चुकले असेल तर जरूर सांगा. आज मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. आमच्या एका कातकरी वाडीबद्दल विधानसभेत प्रश्न विचारला गेला, त्याची ही गोष्ट आहे. तो पहिल्यांदा फसला, आणि फसला तो माझ्यामुळे. म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

रायगड जिल्ह्यातली ही वाडी. तेवीस कुटुंबे. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त माणसे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. कुडाच्या झोपड्या, वर प्लास्टिकचा कागद. ज्या माळावर ती पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तो सातबाऱ्यावर दुसऱ्याचा. शबरी आदिवासी घरकुल योजनेतून त्यांची नावे मंजूर झाली, तेव्हा आम्ही वाडीवर उपकारस्तुतीची प्रार्थना घेतली. स्वतःची जागा नसल्याने त्यांना औद्योगिक वसाहतीच्या मागचा एक सपाट तुकडा दाखवण्यात आला. रस्ता जवळ, विजेचा खांब जवळ. आम्हाला वाटले, देवाने दार उघडले.

मग पायाचे खड्डे खणायला घेतले. वर हातभर मुरूम, आणि त्याखाली काळा, चिकट थर. वास असा की नाकाला पदर लावल्याशिवाय बायका उभ्या राहीनात. खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर तेलासारखा तवंग आला. खणणाऱ्या दोन पोरांच्या पायांवर पुरळ उठला. तेव्हा जुनी माणसे बोलू लागली, की पूर्वी येथे रात्री टँकर येत, काहीतरी ओतून जात, आणि पुढे कुणीतरी वरून मुरूम पसरला. वाडीतली एक आजी मला म्हणाली, “दादा, पावसात हितं टाकळापन उगवत नाय. जिथं टाकळा नाय, तिथं मानूस कसा ऱ्हाईल?”

टाकळा तुम्हा सर्वांना माहीत आहे. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावरसुद्धा येतो. आजीने मातीची परीक्षा आमच्याआधी केली होती. आम्हीच तिला कधी विचारले नव्हते.

आम्ही तालुक्याला गेलो. तिथे सांगितले, आमचे काम घरकुलाचे हप्ते देण्याचे, मातीचे आम्हाला विचारू नका. प्रदूषणाचे काम पाहणारे म्हणाले, कारखान्याच्या कुंपणाच्या आतले आम्ही पाहतो, ही तर वस्तीची जागा. महसूलकडे गेलो, तर कागदावर जमीन अगदी स्वच्छ, म्हणजे तिच्यावर कुणाचा बोजा नाही. तिन्ही ठिकाणी कुणी उद्धटपणे बोलले नाही. प्रत्येकाने आपापल्या कामाचे बरोबरच सांगितले. पण घराचा कागद एका टेबलावर, मातीचा दुसऱ्या टेबलावर, आणि वाडी दोन्ही टेबलांच्या मध्ये उभी. दोन्ही टेबलांना एकदम प्रश्न विचारू शकेल आणि ज्याला उत्तर देणे भाग पडेल, असा मनुष्य म्हणजे आपला आमदार. म्हणून आम्ही आमदारांकडे गेलो.

आता प्रश्न विचारतात म्हणजे नेमके काय करतात, हे थोडक्यात सांगतो, कारण टीव्हीवर आपल्याला फक्त गोंधळ दिसतो. खरे काम कागदावर चालते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना देता येते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. संसदेतही असेच आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, आणि किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. त्यामुळे यादीत खाली असलेला तारांकित प्रश्नसुद्धा पुष्कळदा पुकारला जात नाही, त्याचे उत्तर नुसते छापून येते.

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. पहिला भाग असतो, अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय. दुसरा, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय व तीत काय आढळून आले. तिसरा, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटचा, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. या चार पायऱ्या आहेत. खालची पायरी निखळली की वरच्या तिन्ही तिच्यासोबत जातात.

आमदारांच्या कार्यालयाने मला माहिती लिहून मागितली. मी संतापलेला होतो. रात्री बसून लिहिले. तेवीस कुटुंबांची मी “शंभरावर कुटुंबे” केली, कारण आसपासच्या वाड्याही धरल्या. “विषारी पाण्यामुळे लहान मुले दगावली” असेही लिहिले. त्या वर्षी वाडीतले एक बाळ गेले होते हे खरे. ते कशाने गेले हे कुणालाच ठाऊक नव्हते. मला वाटले, मोठा आकडा दिला तर सरकार हलेल.

उत्तर आले ते छापूनच आले. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

एवढेच. अधिकाऱ्याने गावात जाऊन कुटुंबे मोजली असतील, शंभर भरली नसतील. रुग्णालयाच्या नोंदी पाहिल्या असतील, पाण्याने मुले दगावल्याची नोंद सापडली नसेल. म्हणून पहिल्या भागाचे उत्तर “नाही”. आणि ते “नाही” म्हटल्यावर काळ्या मातीबद्दल एक अक्षरही लिहिण्याची कुणाला गरज राहिली नाही. माझ्या एका फुगवलेल्या आकड्याने सरकारला सुटायला वाट करून दिली. आमदारांनाही खाली पाहावे लागले. मी वाडीवर जाऊन उत्तर वाचून दाखवले. आजीने विचारले, “माती खरी नाय, असं बोलले का?” मी म्हणालो, “नाही आजी, मातीपर्यंत ते आलेच नाहीत.”

त्या आठवड्यात आमच्या पाळकसाहेबांनी मला गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या. समोर मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी. मागणी जमिनीची. त्यांनी काय सांगितले ते बारकाईने पाहा. बाप रानात मेला. कोरहाच्या बंडात तो नव्हता. तो स्वतःच्याच पापाने मेला. त्याला मुलगा नव्हता. बापाला त्यांनी संत ठरवले नाही, आणि जे नव्हते ते त्याच्या माथीही येऊ दिले नाही. जेवढे खरे तेवढेच सांगितले आणि मग एकच सरळ प्रश्न विचारला. मोशेने तो देवापुढे नेला, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोही त्या पाच जणींपुरता नाही, पुढच्या सगळ्या मुलींसाठी नियम झाला.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी राग बाजूला ठेवला आणि टेप घेतली. कुटुंबे तेवीस, नावनिशीवार. खणलेले पाये अकरा. प्रत्येक खड्ड्यात काळा थर किती खोलीवर लागला, त्याची नोंद. गट क्रमांक, ताबा दिल्याची तारीख, फोटो आणि फोटोची तारीख. पुरळ उठलेल्या दोघांचे सरकारी दवाखान्यातले केसपेपर. जवळच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिल्याची पावती आणि अहवाल. ग्रामसभेत ठराव घेतला, त्यावर अंगठे आणि सह्या. बाळाचा उल्लेख नाही. कोणत्या कारखान्याने ओतले याचा उल्लेख नाही, कारण आमच्यापैकी कुणी ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. सगळे मिळून एक पान झाले.

त्या पानावरून आमदारांनी दोन प्रश्न केले, एक घराच्या खात्याला आणि एक पर्यावरणाच्या खात्याला. दोन्हींत गट क्रमांक एकच. या वेळी पहिल्या भागाचे उत्तर आले, “अंशतः खरे आहे.”

बंधुभगिनींनो, हे दोन शब्द वाचून मला रडू आले. “अंशतः खरे आहे” म्हटले की दुसऱ्या भागाचे उत्तर द्यावेच लागते. आणि त्या दिवशी प्रश्न पुकारलाही गेला. आमदारांनी उपप्रश्न विचारला, की ज्या जागेवर शासन स्वतः घर देत आहे, त्या जागेची माती तपासल्याशिवाय ताबा देऊ नये, असे आदेश शासन देणार काय. मंत्रिमहोदयांनी सभागृहात सांगितले की मातीचे नमुने घेतले जातील, तोवर तेथील बांधकाम थांबवले जाईल आणि पर्यायी जागा पाहिली जाईल.

सभागृहात दिलेला असा शब्द हवेत विरत नाही. त्याची नोंद होते, आणि शब्द पाळला की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेच्या आश्वासन समितीचा नियम तर असा आहे की आश्वासन तीन महिन्यांत पुरे झाले पाहिजे. नाही झाले तर मुदत मागावी लागते. म्हणून उत्तर आले की आपले काम संपले असे समजू नका. उत्तराची प्रत जपून ठेवायची, तारीख लिहायची आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायचे.

पुढे काय झाले तेही पूर्ण सांगतो, नाहीतर मी पुन्हा आकडा फुगवल्यासारखे होईल. बांधकाम थांबले. नमुने घेतले गेले. पर्यायी जागा मिळायला दोन पावसाळे गेले. ते दोन्ही पावसाळे तेवीस कुटुंबांनी प्लास्टिकखाली काढले. एक तरुण बाप माझ्यावर ओरडला, “तुमच्या प्रश्नानं आमचं घर थांबवलं.” त्याची बायको तेव्हा बाळंतीण होती आणि झोपडीत पाणी शिरले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तुमच्या अर्पणातून आणलेली ताडपत्री घेऊन गेलो, ती त्याने घेतली, पण माझ्याशी बोलला नाही.

आज नव्या जागेवर चौदा घरे पूर्ण आहेत, नऊ अर्धवट. पहिल्या पावसानंतर अंगणात टाकळा आला, तेव्हा आजीने त्याची भाजी करून मला जेवायला बोलावले. तो तरुण बापही पंगतीला होता. पण जुन्या जागेचा मातीचा अहवाल अजून वाडीच्या हाती आलेला नाही. तिथे कुंपण नाही, आणि गुरे अजून त्यावरून जातात. म्हणून आमचा पुढचा प्रश्न तयार आहे.

हे एकट्या आमच्या वाडीचे दुखणे नाही. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला, हजारो माणसे गेली, कारखाना बंद पडला. त्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा हलवला गेला जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. तो नेऊन जाळला कुठे, तर धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला, म्हणजे पुन्हा मोठ्या आदिवासी लोकसंख्येच्या जिल्ह्यात. आणि कारखान्याभोवतीच्या वस्त्यांच्या जमिनीत जे मुरले, ते या ३३७ टनांत धरलेलेच नाही. तिथल्या लोकांना स्वच्छ पाणी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावे लागले होते.

मुंबईतले माहुल पाहा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि कुटुंबांना माहुलच्या पक्क्या इमारतींत घरे दिली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. तिथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरी लोक तिथे पाठवले गेले. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कुटुंबांना भाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. कागदावर पाहिले तर त्यांना घर मिळाले होते. घरे किती दिली, एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी चांगलेच येते. कुठे दिली, हे विचारले तरच खरे काय ते कळते.

हा प्रश्न आता जास्त निकडीचा आहे, कारण घरे वाढत आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत देशातल्या ७५ अतिदुर्बल आदिवासी समूहांसाठी घरे आहेत, घरामागे २ लाख रुपये. आपल्या राज्यातले तीन समूह त्यात आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पण घरकुलाचे इतके अर्ज मी भरले, त्यात मातीच्या तपासणीचा रकाना मला एकदाही दिसला नाही.

दुसरीकडे विचारणाऱ्याच्या हाती एक नवे साधन आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल द्यायचा आहे. मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, आणि संशय खरा वाटला तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचे, तिथला वावर रोखायचा, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून साफसफाईचा खर्च घ्यायचा. हे नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या, आणि सफाई सुरू झालेली होती फक्त सात ठिकाणी. खाणकामाने खराब झालेल्या जमिनी मात्र या नियमांतून वगळल्या आहेत. खाणींजवळ राहणाऱ्या आपल्या आदिवासी भावंडांसाठी हे लक्षात ठेवले पाहिजे, आणि त्याबद्दलही विचारले पाहिजे.

लेवीय चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्याचा नियम आहे. घरमालकाने जाऊन याजकाला सांगायचे. याजकाने येऊन पाहायचे, घर सात दिवस बंद ठेवायचे, पुन्हा पाहायचे. बाधलेले दगड काढून नगराबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवे दगड बसवायचे. चट्टा पुन्हा उठला तर घर पाडायचे. लहानपणी हा अध्याय मला कंटाळवाणा वाटे. आता वाटते, माणूस कुठल्या भिंतीआड झोपतो याचीसुद्धा देवाला काळजी आहे. आणि त्या नियमात पाहणीचे दिवस ठरलेले आहेत, जबाबदार माणूसही ठरलेला आहे.

म्हणून आता तुमच्याकडे मागणे. पैशाचे नाही, ते तुम्ही देतच आहात. तुमच्यात निवृत्त तलाठी आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत. वर्षातले चार दिवस आम्हाला द्या. पाण्याची बाटली कशी भरायची, गट नकाशा कसा वाचायचा, केसपेपर कसे जपायचे, हे वाडीवरच्या मुलामुलींना शिकवा. तुमच्या शहरातल्या आमदारांनाही भेटा. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, पण वाडीबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार सगळ्या २८८ जणांना आहे. भेटायला जाताना एक पान न्या, त्यावर सगळे खरे असू द्या. आमदार कोणत्या पक्षाचे आहेत हे पाहू नका, आपण कोणत्याही पक्षाचे नाही. आणि प्रश्न विचारल्यावर आभाराचे पत्र पाठवायला विसरू नका. आम्ही पाठवले होते. ते त्यांच्या कार्यालयात काचेखाली लावलेले मी पाहिले.

प्रार्थनेसाठी तीन विषय देतो. नऊ अर्धवट घरे पुढच्या पावसाआधी पूर्ण व्हावीत. जुन्या जागेचा अहवाल वाडीच्या हाती यावा. आणि जे आपल्या वतीने सभागृहात उभे राहतात, त्यांना खरे विचारण्याचे धैर्य मिळावे, आणि आम्हाला त्यांच्या हाती खरेच देण्याचे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.